रेषा कोण ओढतो? फझी लॉजिक, १९११ ची जनगणना आणि आपला इतिहास



आंबेडकरी कार्यकर्त्याला चर्चेत अडवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. अस्पृश्यता केव्हा सुरू झाली? तारीख सांगा. तुमचे पूर्वज बौद्ध होते? पुरावा दाखवा. मनसरची टेकडी बौद्धांची की शैवांची? एकच उत्तर द्या, हो किंवा नाही. शंभर टक्के पुरावा नसेल तर तुमचे म्हणणे शून्य, असा या प्रश्नांमागचा हिशेब असतो. प्रश्न विचारणारा स्वतःच्या पुराणकथांना मात्र हा हिशेब कधीच लावत नाही.

या अडवणुकीपुढे आपले काही तरुण गप्प बसतात. काही जण उलट बाजूने तेवढ्याच जोरात शंभर टक्के खात्रीचे दावे ठोकून देतात. आमच्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. 'पूर्ण खरे' आणि 'पूर्ण खोटे' यांच्या मधल्या जागेत शिस्तीने विचार कसा करावा, याचे एक शास्त्र आहे. त्याला फझी लॉजिक म्हणतात, मराठीत 'धूसर तर्कशास्त्र' म्हणता येईल. हे शास्त्र हाताशी धरून आपण आपल्याच इतिहासातली काही पाने वाचली, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. अन्याय नेहमी खोट्या माहितीमुळेच होतो असे नाही. पुष्कळदा माहिती तीच असते. धूसर जागेत रेषा कुणी आणि कुठे ओढली, यावर कोट्यवधी माणसांचे भवितव्य ठरते.

धानाची रास आणि लोत्फी झादे

पारशिवनी तालुक्यात पेंचच्या पाण्यावर धान पिकते, म्हणून धानाचेच उदाहरण घेऊ. खळ्यावर धानाची रास आहे. त्यातून एक दाणा काढला तर रास राहते का? राहते. आणखी एक काढला तर? तरीही राहते. असे एकेक दाणा काढत गेलो तर शेवटी एकच दाणा उरेल, आणि त्याला कुणी रास म्हणणार नाही. मग रास नेमकी कोणत्या दाण्याला संपली? उत्तर नाही. कारण 'रास' या शब्दाला धारदार कडाच नाही. 'उंच', 'गरीब', 'म्हातारा', 'पिकलेले संत्रे' हे सगळे शब्द असेच आहेत.

जुने तर्कशास्त्र सांगते की वस्तू गटात आहे किंवा नाही, १ किंवा ०. बाकू येथे १९२१ साली जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील बर्कली येथे प्राध्यापक असलेले लोत्फी झादे यांनी १९६५ साली 'फझी सेट्स' हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी सांगितले की गटातले सदस्यत्व ० आणि १ यांच्या मधलेही असू शकते. साडेपाच फुटांचा माणूस 'उंच' या गटात समजा ०.४ अंशाने आहे आणि सहा फुटांचा ०.९ अंशाने. दोन गुण एकत्र हवे असतील तर दोन्हींतला कमी अंश धरायचा. दोहोंपैकी कोणताही चालत असेल तर जास्त अंश धरायचा. 'उंच नाही' हे काढायचे असेल तर १ मधून अंश वजा करायचा. इतके साधे नियम आहेत. याच तत्त्वावर जपानमधल्या सेंदाई शहरात १९८७ पासून भुयारी रेल्वे चालवली गेली. कपडे धुण्याच्या यंत्रांतही ही पद्धत वापरली जाते. म्हणजे 'धूसर' म्हटले तरी हे गोलमाल बोलण्याचे शास्त्र नव्हे. संदिग्ध माहितीवरून काटेकोर निर्णय घेण्याचे हे शास्त्र आहे.

यात दोन गोष्टी नीट लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की संदिग्धता आणि अनिश्चितता वेगवेगळ्या असतात. माठ अर्धा भरलेला आहे, मग त्याला 'भरलेला' म्हणायचे का, ही संदिग्धता. माठावर झाकण आहे आणि आत पाणी आहे की नाही हेच ठाऊक नाही, ही अनिश्चितता. दुसरी अशी की अंश कितीही मोजले तरी शेवटी निर्णय घ्यावाच लागतो. यंत्राला ब्रेक लावायचा की नाही हे ठरवावे लागते, सरकारला माणूस यादीत घ्यायचा की नाही हे ठरवावे लागते. त्यासाठी कुठेतरी रेषा ओढावी लागते. ०.५ च्या वरचे सगळे आत, की ०.९ च्या वरचेच आत? ही रेषा गणित ठरवत नाही. ती माणसे ठरवतात. आपल्या दृष्टीने सगळे राजकारण इथे आहे.

१९११ : 'हिंदू किती?' या प्रश्नाची अपूर्णांकातली उत्तरे

१९०६ साली आगाखान यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम शिष्टमंडळ व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना भेटले. प्रतिनिधित्व लोकसंख्येवर ठरणार असेल तर ज्यांना हिंदू आपले मानतच नाहीत, त्यांची संख्या हिंदूंच्या खात्यात का धरायची, असा मुद्दा त्यातून पुढे आला. त्यानंतर १९११ च्या जनगणनेच्या तयारीत जनगणना आयुक्त गेट यांनी प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना एक परिपत्रक पाठवले. हिंदू म्हणून नोंदल्या जाणाऱ्या कोणत्या जाती-जमाती काही ठरावीक निकषांत बसत नाहीत, याची माहिती त्यात मागवली होती. कसोट्या दहा होत्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणे, ब्राह्मण किंवा अन्य मान्य हिंदू गुरूकडून मंत्र न घेणे, वेदांचे प्रामाण्य न मानणे, मोठ्या हिंदू देवांची पूजा न करणे, चांगल्या ब्राह्मणांनी पौरोहित्य न करणे, ब्राह्मण पुरोहितच नसणे, मंदिराच्या आतल्या भागात प्रवेश नसणे, स्पर्शाने किंवा ठरावीक अंतरावरून विटाळ होणे, प्रेत पुरणे, आणि गोमांस खाणे व गाईला पूज्य न मानणे.

पारशिवनीची गावे तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या नागपूर जिल्ह्यात होती. या प्रांतातून आलेले उत्तर आज वाचले तरी डोळे उघडतात. हिंदू म्हणून नोंदवलेल्यांपैकी सुमारे पाव लोक ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व आणि वेदांचे प्रामाण्य नाकारत होते. निम्म्याहून अधिक लोक मान्य हिंदू गुरूकडून मंत्र घेत नव्हते. पाव लोक मोठ्या हिंदू देवांची पूजा करत नव्हते. एक तृतीयांश लोकांना मंदिराच्या आत प्रवेश नव्हता. पाव लोकांच्या स्पर्शाने विटाळ होत होता. एक सप्तमांश लोक नेहमी प्रेत पुरत होते, आणि निम्म्या लोकांना दहन आवश्यक वाटत नव्हते. दोन पंचमांश लोक गोमांस खात होते.

याचा अर्थ काय? 'हिंदू' या शब्दाची कडा या प्रांतात धानाच्या राशीसारखीच पुसट होती. कुणी सगळ्या कसोट्यांवर आत होता, कुणी तीन कसोट्यांवर बाहेर होता, कुणी आठ कसोट्यांवर बाहेर होता. पण रकान्यात सगळ्यांपुढे एकच शब्द लिहिला गेला. ०.२ आणि १ यांना एकाच मापाने मोजले. कसोट्या जाहीर होताच हिंदू पुढाऱ्यांनी गदारोळ केला, कारण मोजमापातून जे दिसणार होते ते त्यांना ठाऊक होते.

इथे एक सावधगिरीही हवी. दहा कसोट्यांची नुसती बेरीज करून चालत नाही. लिंगायत प्रेत पुरतात. महानुभावही पुरतात, आणि हा पंथ तर आपल्या विदर्भातलाच. म्हणून ते अस्पृश्य ठरत नाहीत. म्हणजे प्रत्येक कसोटीचे वजन वेगळे आहे. विटाळाची कसोटी आणि प्रेत पुरण्याची कसोटी एका तागडीत घालता येणार नाही.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात याच परिपत्रकाचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी दहापैकी निवडक कसोट्या घेतल्या. ब्राह्मण अस्पृश्यांचे पौरोहित्य करत नाहीत, एवढेच सरकारला दिसले होते. बाबासाहेबांनी तीच माहिती दुसऱ्या बाजूने वाचली. अस्पृश्यही ब्राह्मणाला बोलावत नाहीत, त्यांचे पुरोहित त्यांच्यातलेच असतात. तिरस्कार दोन्ही बाजूंनी आहे. मग या परस्पर वैराचे कारण काय असावे? यातून त्यांनी मांडणी केली की गावाबाहेर वस्ती करून राहिलेले हे पराभूत, विखुरलेले लोक बौद्ध होते आणि ब्राह्मणांविषयी त्यांना आदर नव्हता. गोमांसाच्या कसोटीवर तर त्यांनी ग्रंथाचा मोठा भाग उभा केला.

१९३२ : रेषा सरकवली, माणसे गायब

वीस वर्षांनी लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखाली मताधिकार समिती नेमली गेली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अस्पृश्यांच्या संख्येवर आता कायदेमंडळातल्या जागा ठरणार होत्या. तेव्हा चमत्कार घडला. संयुक्त प्रांतात १९३१ च्या जनगणनेनुसार अस्पृश्य १ कोटी २६ लाख होते. प्रांतिक सरकारने ६८ लाख सांगितले. प्रांतिक मताधिकार समितीने सांगितले फक्त ६ लाख! बंगालमध्ये जनगणनेचा आकडा १ कोटी ३ लाख होता, तर प्रांतिक समितीचा फक्त ७० हजार!

ही कोट्यवधी माणसे कुठे गेली? कुठेच गेली नाहीत, आपापल्या वस्तीतच राहिली. त्यांच्या जीवनातले विटाळ, पाणवठा, देऊळ, सगळे तसेच होते. फक्त रेषा वर सरकवली गेली. ज्याच्या स्पर्शाने अक्षरशः आंघोळ करावी लागते तोच अस्पृश्य, अशी व्याख्या केली की बाकीचे सगळे एका रात्रीत 'स्पृश्य' होतात. समितीपुढच्या आपल्या टिपणात बाबासाहेबांनी हा डाव उघडा पाडला. प्रत्यक्ष शिवाशिव पाळली जाणे ही एक गोष्ट आणि मनात तो माणूस अस्पृश्यच असणे ही दुसरी, असा भेद त्यांनी दाखवला. शहरात, आगगाडीत, बाजारात शिवाशिव पाळणे जमत नाही, म्हणून आचरणातली अस्पृश्यता सैल होते. पण मनातली होत नाही. म्हणून मोजायचे ते मनातल्या अस्पृश्यतेला धरून.

हे आजही चालते. "आता कुठे आहे जातिभेद? आम्ही तर तुमच्याकडे चहा पितो," असे म्हणणारा माणूस १९३२ चीच रेषा ओढत असतो. चहाच्या कपावर भेद नाही म्हणून भाड्याच्या घरावर, लग्नावर, स्मशानभूमीवरही नाही, असे त्याला म्हणायचे असते.

इ.स. ४०० : तारीख नसलेल्या गोष्टीची तारीख

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. अस्पृश्यता केव्हा सुरू झाली? युद्धाला तारीख असते, राज्याभिषेकाला तारीख असते. रूढीला जन्मतारीख नसते. ती राशीसारखी दाण्यादाण्याने साठते. म्हणून उत्तरच देता येत नाही का? बाबासाहेबांनी उत्तर दिले, आणि ते कसे दिले हे प्रत्येक कार्यकर्त्याने शिकावे असे आहे.

त्यांनी दोन मर्यादा ठरवल्या. खालची मर्यादा म्हणजे जेव्हा अस्पृश्यता नव्हती असे म्हणता येते तो काळ. ती मनुस्मृतीच्या काळाशी येते, कारण तिथे अशुद्धता आहे पण आजच्या अर्थाची अस्पृश्यता नाही, असे त्यांनी दाखवले. वरची मर्यादा म्हणजे इ.स. ६२९ मध्ये भारतात आलेला युआन श्वांग. खाटीक, भंगी, फाशी देणारे यांची खुणेची घरे नगराबाहेर असल्याचे तो नोंदवतो, म्हणजे तोवर अस्पृश्यता आली होती. मधल्या काळातल्या फा-हियानचा चांडालांविषयीचा उल्लेखही त्यांनी तपासला, पण तो निर्णायक मानला नाही. गुप्त राजांच्या काळात गोहत्या हा मोठा गुन्हा ठरला, हा दुवा त्यात जोडला. आणि मग इ.स. ४०० च्या सुमारास अस्पृश्यता जन्माला आली, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते, असा निष्कर्ष काढला.

झादे यांचा निबंध यानंतर १७ वर्षांनी आला. बाबासाहेबांनी फझी लॉजिक वापरले, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे पुष्पक विमानाची आपली आवृत्ती काढणे होईल. भगवान बुद्धांनी किंवा नागार्जुनांनी ते शोधले, असेही म्हणण्याची गरज नाही. आम्ही एवढेच म्हणतो की धूसर गोष्टीवर शिस्तीने बोलण्याची रीत बाबासाहेबांकडे होती. ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते स्वतःच सांगतात की आपला सिद्धांत हा शेवटचा शब्द नाही. आजूबाजूच्या सगळ्या तथ्यांशी तो जुळतो का, त्यांचा अर्थ लावतो का, एवढे पाहा आणि तोवर त्याला कामचलाऊ सिद्धांत म्हणून ग्राह्य धरा. ज्यांनी अंधारातून अख्खा इतिहास उकरून काढला ते इतक्या संयमाने बोलतात, आणि आपण समाजमाध्यमांवर एका फोटोवरून 'सिद्ध झाले' असे लिहितो!

मनसरचा प्रश्न कसा सोडवायचा?

पारशिवनीच्या शेजारी, रामटेकजवळ मनसर आहे. बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकाराने तिथे १९९८ पासून उत्खनन झाले. जगतपती जोशी आणि ए. के. शर्मा हे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. उत्खननकर्त्यांनी तिथे बौद्ध स्तूप-विहारांचे अवशेष असल्याचे मांडले. दुसऱ्या अभ्यासकांनी तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर आणि प्रवरेश्वराचे शिवमंदिर असल्याचे मांडले. तेव्हापासून 'आमचे की त्यांचे' असा वाद चालू आहे.

वर सांगितलेली रीत इथे लावून पाहा. 'मनसर बौद्ध आहे' हे एक वाक्य नाही. त्यात चार-पाच वाक्ये दडलेली आहेत. कोणत्या थराविषयी बोलता? जुना थर की वाकाटकांचा? कोणत्या वास्तूविषयी? टेकडीवरची की पायथ्याची? एका जागी आधी विहार आणि नंतर मंदिर असू शकते. एकाच काळात दोन्ही असू शकतात. स्वतः वाकाटक शैव-वैष्णव होते, पण त्यांच्याच दुसऱ्या शाखेच्या राज्यात अजिंठ्याची महान बौद्ध लेणी कोरली गेली. मग प्रत्येक लहान वाक्याला त्याच्या पुराव्याइतके वजन द्या. वाकाटक काळातल्या शैव उपासनेच्या बाजूने पुरावा भक्कम असेल तर तो मान्य करा. जुन्या थरातल्या बौद्ध वास्तूंचा दावा मग त्यामुळे कोसळत नाही. तो त्याच्या स्वतःच्या पुराव्यावर उभा राहतो. शंभर टक्क्यांचा दावा एका मुद्रेने पडतो. ज्याने आधीच अंश सांगितला आहे, त्याला कुणी सहज खोडू शकत नाही.

आणि प्रतिपक्षालाही हीच मोजपट्टी लावण्याचा अधिकार मग आपल्याला मिळतो. पुरावा नसला की जागा आपोआप बहुसंख्याकांची, हा नियम कुणी केला? माहिती नसेल तेव्हा उत्तर 'माहीत नाही' असते, 'मंदिर' नसते.

१९५६ : रेषा आपण ओढली

१९११ साली रेषा सरकारी अधिकाऱ्याने ओढली. १९३२ साली ती आपल्या विरोधकांनी सरकवली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती पहिल्यांदा आपण स्वतः ओढली. ज्यांना 'थोडे हिंदू' म्हणून मोजणीपुरते आत आणि देवळापुरते बाहेर ठेवले होते, त्यांनी जाहीर केले की आम्ही आता त्या गटात कोणत्याच अंशाने नाही. बावीस प्रतिज्ञांत कुठेही 'शक्यतो' किंवा 'काही प्रमाणात' नाही. परिणाम जनगणनेतच पाहा. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले.

इथे धूसर तर्कशास्त्राची मर्यादाही कळते. ज्ञानात अंश असतात. हक्कांत अंश नसतात. संविधानाचे कलम १७ अस्पृश्यता 'बऱ्याच अंशी' नष्ट करत नाही, पूर्ण नष्ट करते. ०.१ अस्पृश्यतासुद्धा गुन्हाच आहे. म्हणून "पुरावा संदिग्ध आहे" या शब्दांचा आधार घेऊन जेव्हा कुणी हक्क कापू पाहतो, तेव्हा त्याला विचारायचे की संदिग्ध माहिती आहे की तुमची नियत?

धर्मांतर झाले म्हणून जातीचा छळ थांबला नाही, हेही राज्याला मान्य करायला १९९० साल उजाडले. तेव्हा कायदा बदलून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. माणूस पूर्णपणे बौद्ध असतो आणि तरी समाज त्याच्याशी जातीने वागतो. हे दोन वेगळे गट आहेत. एकात असल्याने दुसऱ्यातून बाहेर पडता येत नाही.

आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणाऱ्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. पारशिवनी, कन्हान, रामटेक, जिथे आपली वस्ती आहे तिथे प्रगणक दारात येईल. त्याच्या हातातल्या अर्जात रकाने धारदार असतील, कारण सरकारला शेवटी आकडा हवा असतो. धर्माचा रकाना वेगळा आणि जातीचा वेगळा, हे आपल्या आयाबायांना, म्हाताऱ्यांना आधी समजावून सांगितले पाहिजे. धर्म विचारल्यावर स्पष्टपणे 'बौद्ध' सांगायचे. जातीच्या रकान्यात काय लिहायचे आणि त्याचा सवलतींवर काय परिणाम होतो, याची चर्चा विहाराविहारांत आत्ताच झाली पाहिजे. दारात उभे राहून ती करायला वेळ मिळणार नाही. आणि प्रगणकाने काय लिहिले ते वाचून घ्यायचे. आपण बोललो नाही तर रकाना रिकामा राहत नाही. दुसरा कुणीतरी आपल्या वतीने तो भरतो. १९११ ने आणि १९३२ ने हेच शिकवले आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'हो की नाही' असे दरडावून विचारले, तर घाबरू नका आणि फुशारकीही मारू नका. कोणत्या गोष्टीविषयी विचारतोस, पुरावा किती अंशाचा आहे, आणि रेषा कुठे व कुणी ओढली, हे तीन प्रश्न त्याला उलट विचारा. बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नावर तो गडबडतो.

जय भीम! नमो बुद्धाय!